तुझा बुधला कीं तुझा संताप?

शास्त्रपाठ : हबक्कूक २:१५-१६

हबक्कूक संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायांत पांच धिक्कार आहेत. त्यांतील चौथा, जो आपल्या शेजाऱ्यास मद्य पाजून झिंगवितो आणि त्याची लाज उघडी पडलेली पाहूं इच्छितो त्याच्यावर आहे. दारूबंदीच्या सभांतून हें वचन आपण पुष्कळदां ऐकिलें आहे, आणि त्या कामीं त्याचा उपयोग होतो ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्या वचनाच्या मध्यभागीं एक लहान शब्द आहे, व त्याचें भाषांतर करितांना मोठमोठे पंडित एकमेकांपासून दूर गेले आहेत. १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरांत त्या ठिकाणीं ‘बाटली’ आहे. म्हणजे तूं आपली बाटली शेजाऱ्याच्या तोंडास लावितोस. १८८५ सालीं तें भाषांतर सुधारण्यांत आलें तेव्हां बाटली जाऊन तेथें ‘विष’ आलें. जेरोम नांवाच्या विद्वानानें चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन भाषांतर केलें, त्यांत ‘पित्त’ आहे. आणि आजचे पुष्कळ भाषांतरकार ‘संताप’ असें म्हणतात. भांडें, विष, पित्त, संताप! एका शब्दांतून इतके अर्थ कसे निघाले? हा केवळ पंडितांचा वाद आहे असें समजून वाचकांनीं पान उलटूं नये. शेजाऱ्याच्या पेल्यांत आपण काय ओततों, हा प्रश्न तुमच्याआमच्या गांवांतला आहे.

प्राचीन इब्री लेखनांत बहुतेक व्यंजनेंच लिहीत असत. वाचणाऱ्यानें स्वर आपल्या पदरचे घालावयाचे. मोडी लिपींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद राखीत नसल्यामुळें आपल्या वडीलधाऱ्यांस दस्तऐवज वाचतांना मागचापुढचा संदर्भ पाहून शब्द ओळखावा लागे. इब्री वाचणाऱ्याची अडचण त्याहून मोठी होती. पुढें इ. स. च्या सातव्या ते दहाव्या शतकाच्या दरम्यान यहूदी शास्त्र्यांनीं अक्षरांच्या खालींवर टिंबें व रेघा देऊन परंपरेचें वाचन कायम केलें. आमच्या वचनांतल्या शब्दाचीं अक्षरें ख, म, त अशीं आहेत, आणि शेवटीं ‘तुझा’ ह्या अर्थाचा प्रत्यय आहे. हीं अक्षरें ‘खेमेत’ अशीं घेतलीं तर अर्थ होतो चामड्याचा बुधला अथवा मसक. ‘खेमा’ ह्या शब्दाचें रूप समजून घेतलीं तर अर्थ होतो संताप.

(इब्री भाषा मराठी माणसास अगदींच परकी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. कोंकणांतले बेने इस्राएल लोक, ज्यांस त्यांच्या तेलाच्या धंद्यावरून व शब्बाथ पाळण्यावरून ‘शनवार तेली’ म्हणत, ते घरीं मराठीच बोलत; आणि त्यांच्यासाठीं डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं मुंबईंत इब्री व्याकरण मराठींतून छापून काढिलें.)

प्रथम बुधल्याकडे पाहूं. ‘खेमेत’ हा शब्द जुन्या करारांत निश्चितपणें एकाच कथेंत येतो, आणि तेथें तो तीन वेळां येतो. ती कथा हागारेची, उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायांतली. अब्राहामाच्या घरांत दोन स्त्रियांमध्यें व दोन मुलांमध्यें तेढ पडली. पहांटे उठून अब्राहामानें भाकर आणि पाण्याची मसक त्या दासीच्या खांद्यावर दिली व तिला लेंकरासह वाटेस लाविलें. बैर-शेब्याच्या रानांत मसकेंतलें पाणी संपलें. तेव्हां तिनें मुलाला एका झुडपाखालीं टाकिलें आणि त्याचें मरण डोळ्यांनीं पाहूं नये म्हणून ती बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसली. मग देवानें तिचे डोळे उघडिले. तिला विहीर दिसली. तिनें ती रिकामी मसक भरली आणि मुलाला पाणी पाजिलें. येथें ‘पाजिलें’ ह्यासाठीं जें क्रियापद आहे तेंच हबक्कूकाच्या वचनांत ‘पाजणारा’ ह्यासाठीं आहे. एका घरच्या रागामुळें बाहेर पडलेली ही बाई, तिच्या हातांत चामड्याचें एक भांडें, आणि त्यांतून ती पाजते तें जीवन. हें चित्र मनांत असूं द्या.

आतां दुसरा शब्द. ‘खेमा’ म्हणजे मुळांत उष्णता, ताप. त्यावरून तो रागाचें नांव झाला, जसें आपण डोकें तापलें असें म्हणतों. परंतु ह्याच शब्दानें सापाच्या विषाचेंही नांव घेतलें जातें. अठ्ठावन्नाव्या स्तोत्रांत दुष्टांच्या अंगीं सर्पाचें जें विष आहे असें म्हटलें आहे तें ‘खेमा’च, आणि अनुवादाच्या बत्तिसाव्या अध्यायांत शत्रूंचा द्राक्षारस म्हणजे सर्पांचें विष असें म्हणतांना मोशे हाच शब्द योजितो. विष अंगांत भिनलें कीं दाह होतो; राग अंगांत भिनला म्हणजेही तसेंच होतें. तेव्हां विष म्हणणारे आणि संताप म्हणणारे भाषांतरकार एकमेकांचे विरोधी नाहींत, एकाच शब्दाच्या दोन बाजू ते दाखवितात. जेरोमाचें पित्तही त्यांपासून फार दूर नाहीं. पित्त खवळणें म्हणजे काय हें मराठी माणसास कोणीं शिकवावयास नको.

इब्री भाषेंत रागाला इतरही पुष्कळ नांवें आहेत, पण सर्वांत साधें नांव ‘अफ’, आणि ‘अफ’ म्हणजे नाक. राग आला म्हणजे नाकपुड्या फुगतात, श्वास जोरानें चालतो, ह्यावरून हें नांव. आपणही म्हणतोंच कीं अमक्याच्या नाकावर राग असतो! सहनशील मनुष्यास इब्री भाषेंत ‘लांब नाकपुड्यांचा’ म्हणतात, म्हणजे ज्याचा श्वास लवकर तापत नाहीं असा. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायांत परमेश्वर मोशेसमोर स्वतःचें नांव उच्चारितो तेव्हां हेंच विशेषण तो स्वतःस लावितो. नीतिसूत्रें १५:१८ मध्यें हे दोघे समोरासमोर उभे केलेले आहेत : ‘खेमा’चा माणूस कलह पेटवितो, लांब नाकपुड्यांचा माणूस तंटा शमवितो. गंमत अशी कीं, आमच्या वचनांतही ‘अफ’ हीं अक्षरें आहेत, परंतु तेथें त्यांचा अर्थ ‘आणि शिवाय’ एवढाच आहे. तो शब्द निराळा आहे. अक्षरें सारखीं म्हणून अर्थ एक असें धरून कोणीं उपदेश रचूं लागला तर त्याच्यापासून सावध असावें. ‘खेमेत’ आणि ‘खेमा’ ह्यांचेंही तसेंच. ध्वनि जवळचा असला तरी शब्द दोन आहेत, आणि आपल्याला त्यांतून एक निवडला पाहिजे.

कोणता निवडावा? शास्त्र्यांनीं दिलेलीं स्वरचिन्हें संतापाच्या बाजूचीं आहेत, आणि त्याहूनही जुना एक साक्षीदार आहे. १९४७ सालीं मृतसमुद्राच्या किनाऱ्याजवळ कुमरान येथील एका गुहेंत गुराखी लोकांस मातीच्या रांजणांत ठेवलेल्या चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. पहिल्या ज्या सात गुंडाळ्या बाहेर आल्या त्यांत हबक्कूकाच्या पहिल्या दोन अध्यायांवरील एक विवरण होतें, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीच्या हातचें. त्यांत आमचें वचन आहे. विवरण करणारा म्हणतो कीं, हें वचन एका दुष्ट याजकाविषयीं आहे. तो नीतिमत्त्वाच्या शिक्षकाच्या पाठीस लागून, त्याला आपल्या रागाच्या संतापांत गिळून टाकावें म्हणून तो परागंदा होऊन राहिला होता त्या ठिकाणीं गेला, आणि तेंही प्रायश्चित्ताच्या दिवशीं, जेव्हां सर्व लोक उपास करून स्वस्थ बसलेले होते. म्हणजे त्या प्राचीन वाचकानें बुधला वाचला नाहीं, संताप वाचला. भांडें कीं राग ह्या वादांत साक्ष देणारा कागद मातीच्या भांड्यानें सांभाळून ठेविला, ह्याचें मला नेहमीं कौतुक वाटतें. यिर्मयानेंही शेताचें खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावें म्हणून मातीच्याच पात्रांत ठेवावयास सांगितलें होतें (यिर्मया ३२:१४).

त्या विवरणाच्या प्रतींत मात्र ‘त्याचा संताप’ असें आहे, आणि परंपरेच्या पाठांत ‘तुझा संताप’ असें आहे. पंडितांस पहिलें रूप अधिक सरळ वाटतें, कारण वाक्य ‘जो पाजतो तो’ असें सुरू होतें. मला दुसरें सोडवत नाहीं. संदेष्टा ‘तो, तो’ म्हणतां म्हणतां मध्येंच वळतो आणि बोट दाखवून ‘तुझा’ म्हणतो. नाथानानें दाविदास मेंढरीची गोष्ट सांगतां सांगतां असेंच केलें नव्हतें काय?

‘खेमा’ बरोबर जें क्रियापद आहे त्याचा सरळ अर्थ जोडणें, चिकटविणें असा आहे. म्हणजे पाजणारा मनुष्य एक वस्तु देतो आणि दुसरी तिला जोडतो. पेल्यांत मद्य दिसतें. संताप दिसत नाहीं. शेजारी मद्य पितो असें समजतो, आणि पितो तो दुसऱ्याचा राग. मुंबई प्रांतानें १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा केला. कायद्याला बाटली जप्त करितां येते. बाटलीला काय जोडून दिलें तें जप्त करणारा शिपाई अजून कोणत्याही सरकारानें नेमिलेला नाहीं.

हें वचन प्रथम बाबेलच्या राज्यास लागू होतें हें खरें. खास्दी लोकांनीं राष्ट्रांना झिंगविलें, त्यांची विटंबना पाहून आनंद मानला, आणि यरुशलेमांतील मंदिराचीं भांडीं लुटून नेलीं. सोळाव्या वचनांत संदेष्टा म्हणतो कीं, परमेश्वराच्या उजव्या हातांतला प्याला फिरत फिरत तुझ्याकडेही येईल. तो आलाही. बेलशस्सरानें आपल्या हजार सरदारांना मेजवानी दिली आणि मंदिरांतल्या त्याच पात्रांतून त्यांना द्राक्षारस पाजिला, आणि त्याच रात्रीं त्याचा अंत झाला (दानीएल ५). बाबेल पडलें तें ख्रिस्तपूर्व ५३९ सालीं. पुढच्या वर्षीं कोरेश राजाच्या हुकुमानें सोन्यारुप्याचीं तीं भांडीं परत निघालीं. एज्रा त्यांची मोजदाद ५४०० अशी देतो. इतकें बाबेलाविषयीं पुरे. बाबेल लांब आहे.

समजा, एका गांवांत आपल्या मंडळींतले दोन सख्खे भाऊ आहेत. वडिलांची विहीर सामाईक आहे आणि पाण्याच्या पाळीवरून कुरबूर चालूं आहे. ही कुरबूर त्यांच्यांतच राहिली असती तर पावसाळा येतां येतां मिटलीही असती. पण तिसरा एक जण आहे. मंडळीच्या पंचांच्या निवडणुकींत थोरल्या भावानें त्याला मत दिलें नाहीं, हें त्याच्या पोटांत सलतें आहे. तो स्वतः थोरल्याशीं भांडत नाहीं. भेटला म्हणजे हंसून ‘सलाम, दादा’ म्हणतो. एके संध्याकाळीं तो धाकट्याला बोलावितो. “ये रे बाबा, बस जरा.” पेला पुढें करितो. “तुझ्यासारखा गरीब माणूस नाहीं. पण दादानें तुला पुरता नागविला, आणि सारा गांव हंसतो आहे.” दुसरा पेला, दुसरें वाक्य. त्या रात्रीं विहिरीवर कुऱ्हाड चालते. थोरला दवाखान्यांत, धाकटा कोठडींत, दोन जावा एका छपराखालीं एकमेकींशीं न बोलतां चुली पेटवीत आहेत, आणि लेंकरें शाळेंत जाईनाशीं झालीं आहेत. रविवारीं तिसरा मनुष्य मंदिरांत पुढच्या बांकावर बसून गीत गातो. फौजदारानें त्याला कांहीं विचारिलें नाहीं. कोर्टांत त्याचें नांव निघणार नाहीं. झिंगलेल्याचा गुन्हा सर्वांस दिसला, मारणाऱ्याचा हात सर्वांनीं पाहिला. हबक्कूकाचा धिक्कार ह्या दोघांवर नाहीं. तो त्या पुढच्या बांकावर बसलेल्यावर आहे.

आणि ह्यासाठीं दारूच पाहिजे असेंही नाहीं. आपल्या भाषेंत कान भरणें असा जो प्रयोग आहे तो फार खोल आहे : कान हें भांडें, आणि भरणारा आपला राग त्यांत भरितो. चहाच्या कपाबरोबर हें होतें, नळावर घागर भरतां भरतां होतें, आणि प्रार्थनेच्या विषयांतूनही होतें, “अमक्या बहिणीसाठीं प्रार्थना करा बरें, तिचें कसें काय चाललें आहे तुम्हांस ठाऊकच आहे!” उपदेशकांनींही येथें आपल्याकडे पाहावें. व्यासपीठावर उभें राहून वचनाचा प्याला मंडळीला देतांना पंचांवरचा आपला संताप त्याला जोडून देणारे आमच्यांत कोणी नाहींत असें मला म्हणवत नाहीं. आपल्या जिभेंत पात्र म्हणजे भांडें आणि पात्र म्हणजे योग्यही. कोपास पात्र होणें असें आपण सहज बोलून जातों. दुसऱ्याला आपल्या रागाचें पात्र करणारा स्वतः कोणत्या गोष्टीस पात्र होतो, हें सोळाव्या वचनांत लिहिलेलें आहे.

ह्याच्या उलट चित्र पाहावयाचें असेल तर १ शमुवेल २५ उघडा. नाबालानें दाविदाच्या माणसांचा अपमान केला, आणि दावीद चारशें माणसें व तरवार घेऊन निघाला. हें नाबालाची बायको अबीगईल हिला कळलें. तिनें घाईघाईनें भाकरी, रांधलेलीं मेंढरें, भाजलेलें धान्य, मनुका, अंजिरांच्या ढेपा आणि द्राक्षारसाचे दोन बुधले गाढवांवर लादले. ‘नेबेल’ हें ह्या बुधल्याचें इब्री नांव, आणि तिच्या नवऱ्याचें नांव नाबाल, व्यंजनें तींच. अबीगईल तापलेल्या माणसापुढें बुधला घेऊन आली, पण त्याला तिनें काय जोडलें? तिला आपल्या नवऱ्याविषयीं बोलण्यासारखें पुष्कळ होतें, आणि तिचे शब्द दाविदाच्या क्रोधांत पडले असते तर सकाळपर्यंत ती त्या घरांतून मोकळी झाली असती. नाबाल मूर्ख आहे हें तिनें लपविलें नाहीं. पण दोष तिनें स्वतःवर घेतला आणि दाविदाला रक्तपातापासून मागें फिरविलें. घरीं परत येऊन पाहते तों नाबाल राजासारखी मेजवानी करून झिंगलेला. ती त्या रात्रीं त्याला अवाक्षर बोलली नाहीं. नाबालांतून द्राक्षारस उतरला तेव्हां, सकाळीं, तिनें सर्व सांगितलें. शास्त्रांतले शब्द असे आहेत कीं जणूं काय नाबाल हाच एक बुधला होता व तो रिकामा होईपर्यंत ती थांबली. झिंगलेल्या नवऱ्याशीं रात्रीं वाद घालूं नये हें आमच्या पुष्कळ भगिनींना अनुभवानें ठाऊक आहे. तें शास्त्रांतही आहे हें त्यांना सांगावेंसें वाटतें. मात्र अबीगईल गप्प राहिली ती सकाळपर्यंतच, कायमची नव्हे.

पण कोणी म्हणेल, माझ्या पोटांत जो खरा राग आहे, ज्याला कारण आहे, तो मी कोठें ओतूं? गिळून टाकावा तर आंतून जाळतो. हा प्रश्न प्रामाणिक आहे. हन्नेची सवत पनिन्ना वर्षानुवर्षें तिला डिंवचीत असे. तेथें इब्री शब्द ‘काअस’ आहे, दुःख आणि राग एकत्र कालवलेला असा तो शब्द. हन्ना मंदिरांत गेली. तिचे ओठ हालत होते व आवाज निघत नव्हता, म्हणून एली याजकाला वाटलें ही बाई दारू प्यालेली आहे. तिनें उत्तर दिलें कीं आपण मद्य घेतलेलें नाहीं, तर परमेश्वरापुढें आपला जीव ओतीत आहोंत, आणि इतका वेळ बोललों तें ‘काअस’ फार झाल्यामुळेंच. राग तिच्यापाशींही होता. तो तिनें पनिन्नेच्या पेल्यांत घातला नाहीं, एल्कानाच्या कानांतही घातला नाहीं. ‘ओतणें’ ह्याचें इब्री क्रियापद ‘शाफख’. विलापगीताच्या दुसऱ्या अध्यायांत, यरुशलेम जळून गेल्यावर, हें क्रियापद पुनःपुनः येतें : चौथ्या वचनांत परमेश्वरानें आपला ‘खेमा’ अग्नीसारखा ओतला, आणि एकोणिसाव्या वचनांत जळालेल्या त्याच नगरीला सांगितलें आहे कीं, रात्रीं ऊठ व प्रभूच्या समोर आपलें अंतःकरण पाण्यासारखें ओत. शेजाऱ्यासमोर ओतावयास तेथें सांगितलेलें नाहीं.

आणि परमेश्वराच्या उजव्या हातांतला तो प्याला? संदेष्ट्यांनीं त्याचें नांव पुष्कळदां घेतलें आहे. यिर्मयानें पंचविसाव्या अध्यायांत तो सर्व राष्ट्रांच्या तोंडास लाविला, आणि त्यांतल्या द्राक्षारसाला ‘खेमा’ असेंच म्हटलें. यशयानें एक्कावन्नाव्या अध्यायांत सांगितलें कीं, देव तो आपल्या लोकांच्या हातांतून काढून घेतो. काढून घेतलेला प्याला कोणी तरी प्यावयास पाहिजे होता. गेथशेमाने बागेंत आमचा प्रभु भूमीवर पालथा पडून ज्या प्याल्याविषयीं बोलला तो हाच, आणि तो त्यानें दुसऱ्या कोणाकडे सरकविला नाहीं. त्या रात्रीं बागेंत जाण्यापूर्वीं त्यानें दुसरा एक प्याला हातीं घेतला, उपकारस्तुति केली, आणि आपल्याबरोबर बसलेल्या सर्वांस तो प्यावयास दिला. त्यांच्यापैकीं एकाने त्याला विकलें होतें, एक कोंबडा आरवण्यापूर्वीं त्याला नाकारणार होता, आणि बाकीचे पळणार होते. हें त्याला ठाऊक होतें. लूक लिहितो कीं धरून देणाऱ्याचा हात त्याच्याबरोबर मेजावरच होता.